शिकाऊ उमेदवारी: जागा शोधण्यापासून प्रमाणपत्र हाती येईपर्यंत

एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर दोन तरुण शेजारी शेजारी काम करत असतात. त्यांतला एक शिकाऊ उमेदवार असतो आणि दुसरा कंत्राटदाराने ‘ट्रेनी’ म्हणून आणलेला मुलगा असतो. दोघांचे हात सारखेच काळे होतात. पण वर्ष संपल्यावर पहिल्याला परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळवता येते, तर दुसऱ्याला फार तर अनुभवाचे एक पत्र मिळते. हा फरक सुरुवातीला सही केलेल्या एका कागदामुळे पडतो, आणि तो कागद म्हणजे शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खाली नोंदवलेला करार. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी जागा शोधताना, निवडताना आणि स्वीकारताना प्रत्येक टप्प्यावर हा करार डोळ्यांसमोर ठेवावा, या उद्देशाने पुढील माहिती क्रमाने दिली आहे.

आपण कोणत्या गटात बसतो, हे आधी ठरवा

शिकाऊ उमेदवारी केवळ आयटीआय झालेल्यांसाठी असते, असा समज अजूनही पक्का आहे. मूळ कायदा प्रामुख्याने कारखान्यांतील ट्रेडसाठी होता, हे खरे. परंतु १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्यात आले, १९८६ मध्ये बारावीला व्यावसायिक विषय घेतलेले विद्यार्थी आले आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेच्या पदवीधरांनाही हा मार्ग मोकळा झाला. त्यामुळे आज पाचवी उत्तीर्ण झालेल्या मुलापासून पदवीधरापर्यंत प्रत्येकासाठी कोणता ना कोणता गट उपलब्ध आहे.

व्यवहारात दोन वाटा लक्षात ठेवल्या म्हणजे पुरे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक, कोपा (संगणक चालक व प्रोग्रॅमिंग सहाय्यक) यांसारख्या ट्रेडचे आयटीआय उत्तीर्ण विद्यार्थी आणि आयटीआय न केलेले दहावी-बारावीचे विद्यार्थी यांनी कौशल्य विकास मंत्रालयाच्या अप्रेंटिसशिप इंडिया या पोर्टलवर नोंदणी करावी. पदविका व पदवीधारकांनी शिक्षण मंत्रालयाच्या नॅट्स, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करावी. महाराष्ट्रासह पश्चिम भारतातील राज्यांसाठी या योजनेचे काम मुंबईतील शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ पाहते. दोन्ही ठिकाणची नोंदणी विनामूल्य असते, त्यामुळे नोंदणी करून देण्याच्या नावाखाली कोणी मोठी रक्कम मागत असेल तर ती देऊ नये.

आयटीआय न केलेल्या विद्यार्थ्याला ‘फ्रेशर’ म्हणतात. त्याला थेट यंत्रावर उभे केले जात नाही. आधी मूलभूत प्रशिक्षण आणि नंतर प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण असा त्याचा क्रम असतो, म्हणून त्याचा एकूण कालावधी आयटीआय केलेल्यापेक्षा जास्त असतो. आयटीआय झालेल्याला त्याच ट्रेडमध्ये सूट मिळते आणि बहुतेक वेळा एका वर्षात प्रशिक्षण पूर्ण होते.

वय, शरीर आणि गुण

कायद्याप्रमाणे किमान वय १४ वर्षे आहे आणि धोकादायक उद्योगांशी संबंधित ट्रेडसाठी ते १८ वर्षे आहे. कमाल वय मात्र जागा देणारी आस्थापना आपल्या जाहिरातीत ठरवते, आणि बरेच विद्यार्थी नेमके येथे अडकतात. रेल्वेच्या जाहिरातींत सामान्यतः १५ ते २४ वर्षांची मर्यादा असते. अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची, इतर मागासवर्गीयांना ३ वर्षांची आणि दिव्यांगांना १० वर्षांची सवलत मिळते. माझगाव डॉकसारख्या ठिकाणी आठवी, दहावी आणि आयटीआय उत्तीर्णांचे वेगवेगळे गट असतात व प्रत्येक गटाची वयोमर्यादा रेल्वेपेक्षा बरीच कडक असते. म्हणून आयटीआयचा निकाल लागल्यावर ‘आधी दोन वर्षे इकडेतिकडे काम करू, मग अप्रेंटिस करू’ हा विचार महागात पडतो. पदवी आणि पदविकेच्या गटात तर शिक्षणानंतर एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ नोकरी अथवा प्रशिक्षण झालेला उमेदवार साधारणपणे अपात्रच ठरतो.

शारीरिक पात्रतेचे किमान निकष कायद्याखालील नियमांत दिलेले आहेत: उंची १३७ सेंटीमीटर, वजन २५.४ किलो आणि छाती फुगवल्यावर किमान ३.८ सेंटीमीटरचा फरक. आकडे पाहिले तर निकष अवघड नाहीत. परंतु वैद्यकीय दाखला ठरलेल्या नमुन्यात आणि सरकारी डॉक्टरांच्या सहीनेच मागितला जातो. कागदपत्रांच्या तपासणीच्या आदल्या दिवशी खासगी दवाखान्यातून आणलेला साधा दाखला तेथे चालत नाही.

गुणांविषयी एक गोष्ट दहावीतल्या मुलांना कोणीतरी आधीच सांगायला हवी. रेल्वेतील शिकाऊ उमेदवारांची निवड लेखी परीक्षा किंवा मुलाखत न घेता दहावीचे गुण आणि आयटीआयचे गुण यांची सरासरी काढून होते, आणि दहावीला किमान ५० टक्के गुणांची अट असते. ‘आपल्याला आयटीआयलाच जायचे आहे, दहावीच्या टक्क्यांचे काय’ असे म्हणणाऱ्या मुलाचे दहावीचे टक्के असे तीन वर्षांनी त्याच्या समोर उभे राहतात. शिवाय जाहिरात प्रसिद्ध होण्याच्या दिवशी आयटीआयचा निकाल हाती असावा लागतो. निकालाची वाट पाहणाऱ्याचा अर्ज बाद होतो.

कागदपत्रे: सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम

जाहिरात येण्यापूर्वी दहावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आयटीआयच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र किंवा ते हाती येईपर्यंतचे तात्पुरते प्रमाणपत्र, आधार कार्ड आणि लागू असल्यास जातीचा दाखला ही सगळी कागदपत्रे एकत्र ठेवावीत आणि ती एकमेकांशेजारी मांडून शांतपणे वाचावीत. आधारवर ‘गणेश रामदास’ आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘गणेश रामदासराव’ असेल, किंवा जन्मतारखेत एका दिवसाचा फरक असेल, तर पोर्टलवरील पडताळणी तेथेच थांबते. आधारवरील नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे करून घेणे हा त्यातला सोपा उपाय आहे. पण त्याला वेळ लागतो, आणि अर्जाची मुदत कोणासाठी थांबत नाही.

इतर मागासवर्गीय उमेदवारांनी आणखी एक काळजी घ्यावी. रेल्वे, संरक्षण खाते आणि केंद्राच्या इतर आस्थापनांना नॉन-क्रिमीलेअरचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या भरतीसाठी काढलेला दाखला तेथे ग्राह्य धरला जाईलच असे नाही. तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात अर्ज करतानाच ‘केंद्राच्या नमुन्यात हवा’ असे स्पष्ट सांगावे.

बँक खाते उमेदवाराच्या स्वतःच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले असावे. केंद्राच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा सरकारी वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतो. तो २५ टक्के आणि महिन्याला कमाल १,५०० रुपये असतो. खाते आधारशी जोडलेले नसेल तर कंपनीचा वाटा वेळेवर येतो, पण हे दीड हजार अडकून राहतात आणि ते का अडकले हे मुलांना महिनोन्‌महिने कळत नाही.

जागा कोठे शोधाव्यात

कायद्याने ३० किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेल्या प्रत्येक आस्थापनेला, कंत्राटी कामगार धरून होणाऱ्या एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसे असलेल्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. याचा अर्थ असा की मोठ्या नावांच्या पलीकडे, औद्योगिक वसाहतीतल्या मध्यम आकाराच्या असंख्य कारखान्यांनाही उमेदवार हवे असतात, मग ती वसाहत चाकण, भोसरी किंवा रांजणगावची असो, वाळूजची असो, सातपूर-अंबडची असो की बुटीबोरी-हिंगण्याची. अशा कारखान्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत क्वचितच येतात. त्यांच्या जागा पोर्टलवर दिसतात किंवा आयटीआयच्या सूचना फलकावर लागतात.

आयटीआय सोडली तरी आयटीआयशी संबंध सोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आयटीआयशी जोडलेले मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्र, ज्याला सगळे ‘बीटीआरआय’ म्हणतात, तेथे शिकाऊ उमेदवारीचे कामकाज चालते आणि सहाय्यक शिकाऊ उमेदवारी सल्लागारही तेथेच भेटतात. परिसरातल्या कोणत्या कारखान्याने किती जागा कळवल्या आहेत, कोठे मुलांना खरोखर शिकवले जाते आणि कोठे वर्षभर केवळ माल उचलायला लावतात, याची जितकी खरी माहिती तेथे मिळते तितकी कोणत्याही संकेतस्थळावर मिळत नाही. शिकाऊ उमेदवार भरतीचे मेळावेही आयटीआयमध्ये नियमित भरतात. कागदपत्रांच्या प्रती घेऊन गेल्यास एका दिवसात पाच-सहा कंपन्यांना भेटता येते.

मोठ्या सरकारी आस्थापनांत मध्य रेल्वेची भरती दरवर्षी बहुतेकांचे लक्ष वेधून घेते. मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर आणि सोलापूर अशा विभागांत मिळून २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी तिच्या २,४०० हून अधिक जागा होत्या, आणि त्यांत परळ व माटुंग्याचे वर्कशॉप, मनमाड, नाशिक रोड, कुर्डुवाडी अशी नावाजलेली ठिकाणे येतात. अर्जाचे शुल्क १०० रुपये असून अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि महिला उमेदवारांना ते माफ असते. याशिवाय महावितरण, एसटी महामंडळाचे विभाग, आयुध निर्माण्या, मुंबईतील नौदल गोदी, माझगाव डॉक आणि ओझरचे हिंदुस्तान एरोनॉटिक्स यांच्या जाहिराती वर्षाच्या वेगवेगळ्या काळात येतात. नौदल गोदी आणि माझगाव डॉक लेखी परीक्षा घेतात, त्यामुळे तेथे गुणपत्रिका कमकुवत असलेल्या पण ट्रेडचा अभ्यास पक्का असलेल्या मुलाला संधी असते.

घाईने ‘हो’ म्हणण्यापूर्वी

या टप्प्यावर मी वाचकाला थोडे थांबायला सांगतो, कारण येथे झालेली चूक दुरुस्त होत नाही. रेल्वेसह बहुतेक सरकारी आस्थापनांच्या जाहिरातींत अशी अट असते की ज्याने या कायद्याखाली आधीच शिकाऊ उमेदवारी केली आहे, किंवा जो सध्या करत आहे, तो अर्जास अपात्र आहे. म्हणजे ही संधी आयुष्यात बहुधा एकदाच मिळते. घराजवळचा एखादा छोटा कारखाना लगेच बोलावतो म्हणून करार केला आणि तीन महिन्यांनी रेल्वेच्या यादीत नाव आले, तर पेच निर्माण होतो. आधीचा करार रीतसर रद्द झाल्याशिवाय नवा करार होत नाही आणि अटीचा भंग झाला म्हणून नवी जागाही हातची जाऊ शकते. ज्याचे दहावीचे आणि आयटीआयचे गुण चांगले आहेत, त्याने मोठ्या जाहिरातींची काही महिने वाट पाहावी असे माझे मत आहे. ज्याचे गुण बेताचे आहेत किंवा वय मर्यादेच्या जवळ आले आहे, त्याने मात्र चांगल्या मध्यम कारखान्याची जागा सोडू नये.

कारखाना निवडताना विद्यावेतनापेक्षा यंत्रांकडे पाहावे. टर्नरला सीएनसी (संगणकाच्या नियंत्रणावर चालणाऱ्या) लेथवर हात बसवायला मिळणार आहे का, इलेक्ट्रिशियनला पॅनेलचे वायरिंग आणि दोष शोधणे शिकायला मिळणार आहे का, सध्या तेथे असलेले उमेदवार काय करतात, हे गेटबाहेर जेवणाच्या सुट्टीत चार मुलांशी बोलून कळते. दुसऱ्या शहरात राहण्याचा खर्चही आधी मोजावा. बहुतेक आस्थापना वसतिगृह देत नाहीत.

आणखी एक गोंधळ दूर करायला हवा. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना उपयुक्त आहे आणि तिच्यातही दरमहा विद्यावेतन मिळते. परंतु ती शिकाऊ उमेदवारी नव्हे आणि तिच्यातून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळत नाही.

करार वाचा, मग स्वीकारा

निवड झाल्यावर कंपनी पोर्टलवर करार तयार करते आणि तो उमेदवाराला आपल्या लॉगइनमधून स्वीकारावा लागतो. उमेदवार १८ वर्षांखालचा असेल तर पालकांची संमती लागते. स्वीकारण्यापूर्वी त्यावर ट्रेडचे नाव, प्रशिक्षणाची सुरुवात व शेवट, आस्थापनेचे नाव आणि विद्यावेतन या चार गोष्टी तपासाव्यात. आस्थापनेच्या जागी एखाद्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचे नाव असेल, किंवा ‘करार नंतर करू, आधी कामाला लाग’ असे सांगितले जात असेल, तर बीटीआरआयमध्ये चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. कराराचा नोंदणी क्रमांक मिळाल्यावर त्याची छापील प्रत घरी ठेवावी. नोंदणी क्रमांक नसलेले वर्ष परीक्षेसाठी मोजले जात नाही.

विद्यावेतनाचे किमान दर २०१९ च्या दुरुस्तीने असे ठरले: पाचवी ते नववी उत्तीर्णांना ५,००० रुपये, दहावी उत्तीर्णांना ६,०००, बारावी किंवा आयटीआय उत्तीर्णांना ७,०००, पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना ९,०००, प्रशिक्षण एक वर्षाहून मोठे असेल तर दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर ६,८०० ते १२,३०० रुपयांपर्यंत नेण्याची शिफारस केली, म्हणून करार करण्याच्या दिवशी लागू असलेला दर बीटीआरआयमध्ये विचारून घ्यावा. यापेक्षा जास्त देण्यास कंपनीला मोकळीक आहे, कमी देण्यास नाही. पैसे पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत मिळाले पाहिजेत, आणि शिकाऊ उमेदवाराचे मोल नगावर ठरवता येत नाही.

हक्क आणि मर्यादा

कायद्याच्या नजरेत शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. त्याला बोनस किंवा भविष्य निर्वाह निधी लागू होत नाही आणि प्रशिक्षण संपल्यावर कंपनीने कायम नोकरी दिलीच पाहिजे असे बंधनही नसते. हे कटू वाटले तरी पहिल्याच दिवशी मनाशी स्पष्ट असावे, म्हणजे वर्षाच्या शेवटी निराशा होत नाही.

तथापि, प्रशिक्षणार्थी आहे म्हणून त्याची सुरक्षितता कमी महत्त्वाची ठरत नाही. कारखाने अधिनियमातील आरोग्य, सुरक्षा आणि कल्याण यांविषयीच्या तरतुदी त्याला कामगाराप्रमाणेच लागू होतात, आणि प्रशिक्षणादरम्यान अपघात झाला तर नुकसानभरपाई देणे मालकावर बंधनकारक आहे. हेल्मेट, बूट, हातमोजे किंवा वेल्डिंगची काच मिळाली नसेल तर ती मागताना संकोच करू नये. सल्लागारांच्या परवानगीशिवाय त्याला ओव्हरटाइम करायला लावता येत नाही. आस्थापनेत पाळल्या जाणाऱ्या रजा व सुट्ट्या त्यालाही मिळतात.

करार मध्येच मोडण्याचे परिणाम दोन्ही बाजूंना भोगावे लागतात. मालकाने अटी न पाळल्यामुळे करार संपुष्टात आला, तर तीन महिन्यांच्या विद्यावेतनाइतकी भरपाई उमेदवाराला मिळायला हवी; उमेदवाराच्या चुकीमुळे संपला, तर तेवढीच रक्कम प्रशिक्षणाचा खर्च म्हणून त्याच्याकडून किंवा तो अल्पवयीन असल्यास पालकांकडून वसूल होऊ शकते. म्हणून त्रास असह्य झाला तरी न सांगता घरी निघून जाऊ नये. सल्लागारांकडे लेखी तक्रार करावी, तिची पोच घ्यावी आणि करार रद्द करायचा असेल तर तो त्यांच्यामार्फतच करावा.

वर्षभराची नोंद आणि शेवटची परीक्षा

प्रत्येक दिवशी केलेल्या कामाची नोंद वहीत करण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावावी: कोणते यंत्र, कोणते काम, कोणते मोजमाप, काय चुकले आणि ते कसे सुधारले. महिन्याअखेरीस अंदाजाने पाने भरणाऱ्याची वही परीक्षकाला लगेच ओळखू येते. ज्या ट्रेडला अनुषंगिक सूचनेचे, म्हणजे सिद्धांताचे वर्ग असतात, त्यांना ‘आज कारखान्यात काम जास्त आहे’ म्हणून पाठवले जात नसेल, तर हे सल्लागारांच्या कानावर घालावे, कारण परीक्षेत त्या विषयांचे प्रश्न येतात.

शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते. तिचा सिद्धांताचा भाग संगणकावर आणि प्रात्यक्षिक यंत्रावर होते. आयटीआयची पुस्तके याच वेळी उपयोगी पडतात, तेव्हा ती रद्दीत देऊ नयेत. परीक्षेचा अर्ज कंपनी भरेल असे गृहीत न धरता प्रवेशपत्र निघाले की नाही हे स्वतः पोर्टलवर पाहावे. पदवी आणि पदविकेच्या गटात अशी परीक्षा नसते; तेथे प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडून प्रावीण्य प्रमाणपत्र मिळते.

रेल्वेच्या आस्थापनेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण करून हे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांसाठी रेल्वेच्या लेव्हल-१ च्या, म्हणजे सर्वांत खालच्या वेतनस्तरावरील पदांच्या थेट भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. मात्र त्यासाठी स्वतंत्र भरती परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. निकाल लागल्यावर प्रमाणपत्र पोर्टलवरून उतरवून त्यावरचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि ट्रेड अक्षर न्‌ अक्षर तपासावे, आणि चूक आढळल्यास मूळ करार व दहावीचे प्रमाणपत्र घेऊन त्याच आठवड्यात बीटीआरआयमध्ये दुरुस्तीचा अर्ज द्यावा.